बाबांचा दुसरा कोट

मंगळवार, ४ जानेवारी १९९४
सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. ठिगळीसाठी कोंबडीच्या माना तोलत होतो. हात धुऊन लिहायला बसलो.

दादा,

वर मायना लिहिला नाही. आई म्हणते, मायना दिसला की तू पुढचे वाचणार नाहीस. तुझा पत्ता इतकी वर्षे तिच्याकडे होता, हे मला परवा कळले. पिठाच्या डब्याखाली जो कागद अंथरलेला असतो त्याच्या उलट बाजूला. मी विचारले, मला का नाही सांगितलेस. ती म्हणाली, "तू लगेच लिहिलं असतंस, आणि लगेच ह्यांना सांगितलंही असतंस." ते खरे आहे.

हे पत्र मी आधी कच्चे लिहिले आणि आता पक्के लिहितो आहे. शाळा नववीत सुटली तरी शुद्धलेखन मी सोडलेले नाही.

बातमी अशी की आपले प्राणिसंग्रहालय बंद होत आहे. परवाना पुन्हा मिळाला नाही. साहेब लोक टेप घेऊन आले होते. त्यांनी प्रत्येक पिंजरा मोजला आणि तू समितीच्या सभेत म्हणाला होतास तेच म्हणाले, फक्त हळू आवाजात. ती सभा मला पाठ आहे. तू उभा राहून म्हणालास, ठिगळीचा पिंजरा आपल्या स्वयंपाकघराएवढा आहे. बाबा म्हणाले, "मग तुझी आई काय कैदेत आहे का?" सगळे हसले. आईही हसली. घरी आल्यावर मात्र भांडी आपटत म्हणाली, "मला कुणी विचारलं का?" दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास. थंडी होती म्हणून खुंटीवरचा बाबांचा कामाचा कोट घालून गेलास. आई म्हणते, चुकून. बाबा म्हणाले, "चोरला." त्यानंतर त्यांनी स्वतःहून तुझे नाव काढले नाही, आणि समितीकडून नवा कोटही मागितला नाही. उरलेला एकच वापरतात.

माकडे गेली, हरणे गेली, घुबडे गेली. कासवे अध्यक्षकाकांच्या मेहुण्याच्या बागेतल्या हौदात आहेत. रिकाम्या पिंजऱ्यांतून मी अजून झाडू मारतो आणि पाण्याच्या कुंड्या भरतो. अध्यक्षकाका म्हणाले, "कुणासाठी रे?" दुसऱ्या दिवशी पुन्हा भरल्या.

राहिली फक्त ठिगळी. म्हाताऱ्या तरसाला कोण घेणार? बघायला येणारी मुले तिला कुबडी म्हणतात, आणि त्यांच्या आया म्हणतात, शी, चल पुढे. पण लांब एक केंद्र आहे, म्हातारी जनावरे ठेवणारे. ते हो म्हणाले. त्यांचा ट्रक पंधरा फेब्रुवारीला येणार आहे, आणि एकदाच येणार आहे. अडचण अशी की डॉक्टरबाईंनी तिला गुंगीचे इंजेक्शन द्यायला नकार दिला आहे. तिची मूत्रपिंडे थकली आहेत. "झोपवली तर उठायची नाही," असे म्हणाल्या. म्हणजे तिने आपल्या पायांनी लाकडी पेटीत चालत गेले पाहिजे आणि मागचे दार पाडेपर्यंत शांत राहिले पाहिजे. नाही गेली तर समितीने ठराव करून ठेवला आहे. त्यात 'योग्य ती व्यवस्था' असे शब्द आहेत. ते दुसरे इंजेक्शन.

युक्ती बाबांनी काढली. त्यांचा कोट. तुला आठवत असेल, तो आई घरात येऊ देत नाही, कारण ठिगळी जाळीला पाठ लावून शेपटीखालचा चिकट वास त्याला पुसते. बाबा म्हणतात, ती जे आपले मानते त्याच्यावर खूण करते. तो कोट बाबांनी पेटीच्या तोंडाशी टाकला. ती त्यावर येऊन बसली. मग दर दोन-तीन दिवसांनी कोट वीतभर आत. घाई करायची नाही, बोलायचे नाही, तिच्याकडे बघायचेही नाही. सकाळी धुण्यापूर्वी कोट काढून बाहेर खुंटीवर लावायचा, म्हणजे फिनेल लागत नाही, आणि संध्याकाळी परत आत.

बाबा सध्या बाहेर आहेत. काळजीचे कारण नाही. पेटीचे काम तोवर मी बघतो. तू बरोबर होतास हे तुला कळावे म्हणून लिहिले. उत्तर नाही दिलेस तरी चालेल.

बारक्या

मंगळवार, १८ जानेवारी
दुपारचे दोन. ती झोपली आहे.

दादा,

ठिगळी आज पूर्ण आत गेली. शेपटीसकट. कोट पेटीच्या टोकाला होता. ती पायाने तो उकरत बसली, तीन वेळा गोल फिरली आणि पडली. मी दार पाडण्याच्या दोरीला हात लावला, ती हलली नाही. दोरी थोडी ओढली, दार थोडे खाली आले, तिने एक डोळा उघडून मिटला. डॉक्टरबाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला माझ्या नवऱ्याच्या कोटावर अशी झोप कधी लागली नाही." मला हसायचे की नाही हे कळले नाही, कारण त्यांचे मिस्टर मी पाहिलेले आहेत.

तू तिला बाटलीने दूध पाजायचास तेव्हा ती बुटाच्या खोक्यात मावायची, असे बाबांनी मला सांगितले आहे. मी तेव्हा लहान होतो. मला फक्त खोके आठवते.

बाबा गुरुवारी घरी येणार आहेत. आईने पडदे धुतले, चादरी धुतल्या, पायपुसणेसुद्धा उकळले. तुला आई माहीत आहे. मी त्यांना रोज संध्याकाळी ठिगळीचे सगळे सांगतो, आज कोट किती आत, आज किती खाल्ले. ते डाव्या हाताने माझे मनगट दाबतात.

वरची दोन वाक्ये कच्च्या कागदावर नव्हती. खोडली तर पत्र खराब दिसेल म्हणून राहू देतो.

बारक्या

रविवार, २३ जानेवारी
सकाळचे अकरा. काही करत नव्हतो.

दादा,

तू एव्हाना ओळखले असशील. बाबा बाहेरगावी नव्हते, दवाखान्यात होते. एकोणीस डिसेंबरला पेटीतला कोट सरकवताना ते पडले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. त्याच्या दोन दिवस आधी जेवताना आईने तुझा विषय काढला होता, तेव्हा ते म्हणाले होते, "माझं काही झालं तरी त्याला कळवायचं नाही. दया म्हणून येईल." मी ते पाळत होतो. आता पाळता येत नाही, कारण वेगळीच गोष्ट घडली आहे.

गुरुवारी मी बाबांना आणायला दवाखान्यात गेलो. आई घरी थांबणार होती. पण तिला वाटले, हे इतक्या दिवसांनी येणार, घरात येताना काहीतरी ओळखीचे असावे. म्हणून ती प्राणिसंग्रहालयात गेली. वर्षभरात तिकडे फिरकली नव्हती. पिंजरा सकाळी धुऊन झालेला, कोट खुंटीवर. तिने तो घरी आणला, गरम पाण्यात सोडा घालून भिजवला, साबण लावून दोनदा धुतला, उन्हात वाळवला, इस्त्री केली. तुटलेले बटण होते, तेही लावले.

आम्ही आलो तेव्हा ती दारात तो कोट हातावर घेऊन उभी होती. इतकी आनंदात होती की मी काही बोललो नाही. बाबांनी बघितले. त्यांना सगळे कळते, फक्त बोलता येत नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी मी तो कोट पेटीत टाकला, काही वास राहिला असेल म्हणून. ठिगळी पेटीच्या तोंडाशी आली, नाक पुढे केले, शिंकली, आणि मागे जाऊन पलीकडच्या भिंतीला लागून बसली. त्या दिवसापासून ती पेटीजवळ येत नाही. तिला पेटीत साबण बसल्यासारखा वाटत असावा.

आईला मी शुक्रवारी सांगितले. ती म्हणाली, "मला काय माहीत, ह्या घरात घाणीलाही किंमत आहे." आणि मग जेवली नाही.

काल आम्ही बाबांनाच नेले. खुर्चीत बसवून, दोन जणांनी उचलून, पेटीच्या मागे नेऊन ठेवले. मला वाटले कोट नाही तर नाही, माणूस तर आहे. पण दादा, बाबांना आता स्पिरिटचा वास येतो. मलमाचा येतो. दवाखान्याचा येतो. ती जाळीपर्यंत आली. बाबांनी डावा हात जाळीला लावला. तिने वास घेतला आणि अनोळखी माणसाला दाखवते तशी पाठीवरची आयाळ उभी केली. मी बाबांच्या तोंडाकडे बघितले नाही. खुर्ची उचलताना मात्र दिसले.

आता मागायचे ते मागतो. तू गेलास तेव्हा जो कोट घालून गेलास तोही बाबांचाच. त्यालाही तिने पुसलेले होते. तू तो टाकून दिला असशील. धुतला तर नक्कीच असशील, कोणीही धुतला असता. पण नसशील तर पाठव. तू येण्याची गरज नाही. फक्त कोट पाठव.

बारक्या

बुधवार, २ फेब्रुवारी
दुपारचे साडेतीन. पोस्टमन पुढे निघून गेला.

दादा,

उत्तर नाही. मी म्हणालो होतो चालेल म्हणून, ते पहिल्या पत्रापुरते होते.

मी माझा कोट टाकून बघितला. ती त्याच्यावर मुतली. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुझ्याबद्दल तिचे मत निदान स्पष्ट आहे. पेटीत मांस ठेवले तर अर्धे अंग आत घालून ओढून बाहेर नेते, मागचे पाय बाहेरच. दोन दिवस उपाशी ठेवून बघा, असे अध्यक्षकाका म्हणाले. डॉक्टरबाई त्यांना म्हणाल्या, "आधी तुम्ही राहून बघा." तेव्हापासून ते डॉक्टरबाई असताना येत नाहीत.

काल आले होते. वाईट माणूस नाहीत ते. बाकावर बसले, चष्मा पुसला, म्हणाले, "हे बघ, तेराला गेली तर गेली. नाही तर चौदाला सकाळी डॉक्टरबाईंना सांगायचं. ट्रक दारात उभा करून गावासमोर तमाशा नको." मी विचारले, ट्रक पंधराला आहे तर चौदाला का? ते म्हणाले, "पंधराला तुझ्याच्याने बघवणार नाही." चौदाला बघवेल असे त्यांना का वाटले ते कळले नाही.

बाबांना मी रोज सांगतो की ती आत जाते. दुसरे काय सांगू. ते आता माझे मनगट दाबत नाहीत. त्यांना माझे खोटे लगेच कळते, लहानपणापासून.

तू रागावलेला असशील तर ठिगळीवर राग काढू नकोस एवढेच.

बारक्या

गुरुवार, १७ फेब्रुवारी
सकाळचे सव्वासात. पेटी गेली त्या जागेवर पाणी मारून झाले, वाळायची वाट बघत लिहितो आहे.

दादा,

पार्सल अकरा तारखेला मिळाले. पोस्टमनने ते हात लांब करून दिले आणि म्हणाला, "सही कर आणि लवकर आत घेऊन जा." दोरा कापण्याआधीच आई स्वयंपाकघरातून ओरडली, "आला गं बाई वास." आणि रडायला लागली. इतकी वर्षे ज्या वासाने तिने नवऱ्याला अंगणात कपडे बदलायला लावले, त्याच वासासाठी.

तुझी चिठ्ठी मी मोठ्याने वाचली. "घरमालकीण दोनदा विचारून गेली, खोलीत उंदीर मेलाय का. धुतलेला नाही. खिसे बघ." एवढीच होती तरी मी ती पुन्हा वाचली. दादा, तू इतक्या वर्षांत तो धुतला नाहीस. मला वाटत होते, तुला बाबांचा राग आला म्हणून तू काही लिहीत नाहीस. असा राग मी पाहिलेला नाही.

बाबा खाटेवर टेकून बसले होते. मी कोट त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चेहरा त्यात घातला आणि बराच वेळ वर काढला नाही. मग डावा हात आत घालून काखेपाशी चाचपू लागले. तिथे कोट उसवलेला होता आणि तू काळ्या दोऱ्याने शिवला होतास, मोठमोठ्या टाक्यांनी. ते टाके ते अंगठ्याने चोळत राहिले. म्हणजे तू तो नुसता ठेवला नव्हतास, घालत होतास. ते त्यांना माझ्या आधी कळले.

चार वाजता मला कोट न्यायचा होता. हातात जेमतेम तेरापर्यंतचा वेळ होता, आणि जितका वेळ तो घरात राहील तितका त्याला मलमाचा वास लागणार. मी म्हणालो, बाबा, द्या. त्यांनी दिला नाही. मी ठिगळीचे नाव घेतले. त्यांनी मान हलवली, म्हणजे त्यांना कळले होते, पण हात सोडला नाही. आई म्हणाली, "राहू दे रे आजचा दिवस." मी राहू दिला नाही. एकेक बोट उचलून सोडवले. त्यांच्या डाव्या हातात अजून पुष्कळ जोर आहे. शेवटचे बोट सोडवले तेव्हा त्यांच्या तोंडातून आवाज आला. तो मी लिहू शकत नाही.

ठिगळीने वास जाळीच्या पलीकडूनच घेतला. मी पेटीत कोट टाकून वळेपर्यंत ती आत होती. कोटावर लोळली. पाठीने, मानेने, गालाने. मग तुझे टाके होते तिथे नाक खुपसून पडून राहिली. ती बाबांना ओळखत होती की तुला, ते सांगता येत नाही. मला वाटते तिला तुम्ही दोघे वेगळे करता येत नसावेत.

पंधराला ट्रक नऊ वाजता आला. ती साडेआठलाच आत होती. मी दोरी सोडली, दार पडले, ती उठली, एकदा फिरली आणि परत कोटावर बसली. डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "आता श्वास घे." अध्यक्षकाकांनी टाळ्या वाजवल्या, मग कोणी वाजवत नाही हे बघून थांबले.

पेटी ट्रकवर चढवल्यावर माझ्या मनात आले की एक बाही कापून बाबांसाठी ठेवायला हवी होती. आधी सुचले असते तर चार दिवस होते. मी डॉक्टरबाईंना विचारले, आता कापता येईल का. त्या म्हणाल्या, "तिच्या अंगाखालून? कोण जाणार कापायला?" ट्रकवालाही म्हणाला, कोट काढला तर वाटेत पेटी फोडील. कोट तिच्याबरोबर गेला.

काल केंद्रात फोन लावला. ती पोहोचली. संध्याकाळी पेटीतून बाहेर आली, तोंडात कोट धरून. मोकळ्या जागेत तो ओढत नेला आणि झुडपाखाली घेऊन बसली. जवळ कोणाला येऊ देत नाही. खाते आहे. जागा एवढी मोठी आहे की ती कुठे आहे ते दुर्बिणीने शोधावे लागते, असे तिथला माणूस हसत म्हणाला. तुला हे आवडेल म्हणून लिहिले. बाबांनाही सांगितले. 'दुर्बीण' म्हणालो तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितले. मग खिडकीकडे बघितले.

आईने काल तो धुतलेला, इस्त्रीचा कोट त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी वास घेतला आणि डाव्या हाताने बाजूला सारला. आईने घडी घालून कपाटात ठेवला.

परवा बाबांचे डॉक्टर येऊन गेले. ते काय म्हणाले ते लिहीत नाही. लिहिले तर तू त्यासाठी आलास असे होईल, आणि बाबांना ते नको होते. मी एवढेच लिहितो की अंगणातली कपडे बदलायची जागा आईने झाडून ठेवली आहे.

खिशात शंभराच्या तीन नोटा मिळाल्या. औषधवाल्याने त्या चिमटीत धरून घेतल्या, पण घेतल्या. तुझे पैसे आहेत म्हणून हिशोब खाली देतो.

तुझा
बारक्या

मिळाले: ३००

खर्च
बाबांची औषधे: १४२
केंद्राला फोन, दोन वेळा: ५८
ठिगळीसाठी वाटेतले मांस (समितीने दिले नाही): ४५
ट्रकवाल्याचे जेवण: १८
एकूण: २६३

शिल्लक, आईकडे: ३७

देणे
बाबांच्या डॉक्टरांचे: १२०
तुझा कोट: एक. हे देणे मी आधी माझ्या नावावर लिहिले होते. आई म्हणाली, "ह्यांच्या नावावर लिही. वसूल करायला तरी तो येईल."